पेंढ्यातली साखर

यंदा नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, पेंढा विकत आणावा लागला. तोही विरारच्या पूर्वेकडून, फुलपाड्याच्याही पलीकडून. तिथे एकाकडे अजून दोन गुरं आहेत म्हणून मिळाला. रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून तो पाहुण्यासारखा आमच्या वटारला आला. अंगणात मी दोरी सोडली आणि वास आला.

भाताच्या पेंढ्याचा वास सांगणं अवघड आहे. तो गवताचा नाही. उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा थोडा, धुळीचा थोडा, आणि अगदी तळाशी किंचित गोड. हा तळाचा गोडवा माझ्या मनाचा खेळ नाही. तो मी एकदा काढून पाहिला आहे. मी म्हणजे, मी आणि रेजिनाने.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पेट्रोल महागलं होतं आणि मुंबईतल्या ज्या प्रयोगशाळेत मी हंगामी सहायक होतो, तिथे सगळ्यांना एकच ध्यास लागला होता: शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यातून साखर काढायची, साखरेचा मद्यार्क करायचा आणि त्यावर गाड्या चालवायच्या. काडी, पात, पेंढा, सगळ्यांत साखर असते. पण ती एकमेकींना घट्ट धरून बसलेली असते आणि तिच्याभोवती लाकडासारखं कठीण आवरण असतं. ते आवरण आधी सैल करावं लागतं. आम्ही त्यासाठी पेंढा गंधकाच्या आम्लात उकळत असू. काम झटपट होई. उरलेलं काळं, आंबट, डोळ्यांत जाणारं पाणी मोरीत सोडलं की ते आमच्या नजरेआड होई आणि आम्ही पुढचा घाणा लावत असू.

आगेराच्या सणाला, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात त्या रविवारी, मी घरी होतो. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत माझा हात भाजला. चूक माझीच होती. आम्लाचं भांडं थंड व्हायच्या आधी मी झाकण सैल केलं. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत. चेहरा वाचला, एवढं देवाने सांभाळलं.

त्याआधी पाच महिने, मे महिन्यात माझं लग्न झालं होतं.

पाच महिन्यांत आमचं बोलणं किती झालं असेल? मी सकाळी अंधार असताना निघायचो आणि जेवायच्या वेळेला परतायचो. रेजिना पानं वाढायची, आय, म्हणजे माझी आई, दिवसभरातल्या तक्रारी सांगायची, आणि मग सगळे थकलेले असत. रेजिना सातवी शिकलेली, नंदाखालकडची. तिची आई लवकर गेली, पाठची तीन भावंडं, म्हणून शाळा सुटली. एवढीच तिची माहिती मला होती. ती स्थळ बघताना सांगितली होती, तेवढीच.

डॉक्टरांनी तीन महिने कामावर जायचं नाही असं सांगितलं. पंधरवड्यातून एकदा मुंबईला दाखवायला यायचं, पट्टी घरी रोज बदलायची. आणि आमच्या सरांनी, ज्यांच्या हाताखाली मी काम करत होतो, फार सौम्यपणे सांगितलं की जानेवारीअखेर माझ्या कामाचा अहवाल आला नाही तर पुढच्या वर्षासाठी जागा राखणं त्यांच्या हातात नाही.

पहिल्या दिवशी पट्टी आयने बदलायला घेतली आणि हात बघून ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. रेजिना दारात उभी होती. ती आत आली, उकळून निववलेल्या पाण्याचं भांडं जवळ ओढलं आणि माझ्या हाताकडे नीट, सावकाश बघितलं. कुणी आपल्या जखमेकडे इतक्या शांतपणे बघू शकतं हे मला नवीन होतं.

"दुखलं तर सांगा," ती म्हणाली. "न सांगता सोसायचं नाही. मला कळत नाही मग."

आमची घरची बोली लिहायची मला सवय नाही, म्हणून आमचं बोलणं इथे शाळेतल्या मराठीत देतो आहे. त्या बोलीत हे वाक्य याहून मऊ होतं.

त्या वर्षी भात बरं आलं होतं. कापणी झाली, झोडणी झाली, आणि घराच्या मागे पेंढ्याची उडवी उभी राहिली. मी ओट्यावर हात गळ्यात अडकवून बसायचो आणि दिवसभर त्या उडवीकडे बघायचो. चिमण्या यायच्या, राहिलेले दाणे शोधायच्या. आमची गाय मान लांब करून एक एक काडी ओढायची. ऊन उतरलं की उडवीचा रंग गुळासारखा व्हायचा. माझं सगळं भवितव्य तिथे ढीग घालून ठेवलेलं होतं आणि मला ते ढवळायला हात नव्हता.

एका दुपारी रेजिना विळीवर भाजी चिरत होती. तिने विचारलं, "तुम्ही तिथे मुंबईत नक्की करता काय?"

इतक्या महिन्यांत घरातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"पेंढ्यात साखर आहे?"

"आहे. पण कुलपात."

ती उडवीकडे बघत राहिली. गाय रवंथ करत होती. "म्हणजे हिला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि ते कुलूप तुम्ही या आम्लाने तोडता?"

"हो."

"आणि नंतर ते आम्लाचं पाणी कुठे टाकता?"

मी सांगितलं, मोरीत. ती चिरायची थांबली, आणि मला उगाचच वाटलं की मी मोरीच्या पलीकडे काय आहे ते कधी पाहिलंच नाही.

आम्लाशिवायही मार्ग होता. मी तो वाचलेला होता. चुन्याच्या पाण्यात पेंढा भिजवून ठेवायचा, उकळायचं नाही, काही नाही. चुना ते आवरण हळूहळू सैल करतो. मग पेंढा धुऊन घ्यायचा आणि त्यावर एका हिरव्या बुरशीपासून काढलेलं पाचक पाणी घालून दोन दिवस उबेत ठेवायचं. पुस्तकात त्याला विकर म्हणतात. ते विकर पेंढ्यातली साखर सुटी करतं. सरांनी हा मार्ग बाजूला ठेवला होता, कारण भिजवण्यात दोन-दोन आठवडे जातात. पण माझ्याकडे आता आठवडेच होते. आणि एक गोष्ट मी सरांना सांगितली नव्हती, आयला नाही, स्वतःलाही धड नाही. आम्लाच्या बाटलीची आठवण झाली तरी मी उजवा हात छातीशी ओढून घेई.

चुना घरातच होता. नाताळच्या आधी भिंती पांढऱ्या करायच्या म्हणून आयने अर्नाळ्याच्या जनीबायकडून घेतला होता. जनीबाय सुके बोंबील विकायला यायची, आणि टोपलीच्या तळाला शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचे खडे आणायची. रेजिनाने आणखी खडे मागितले तेव्हा ती म्हणाली, "अगो, अख्खा गाव रंगवतेस का काय? बघ हां, चुना पान्यात सोडताना तोंड खाली नको आनू. पानी उडतं अंगावर."

खडे पाण्यात पडले आणि पाणी खदखदायला लागलं. वाफ वर आली. मी दोन पावलं मागे सरलो. माझी पाठ केळीच्या बुंध्याला टेकली तेव्हा मला कळलं की मी मागे सरलो आहे. डावा हात मी चेहऱ्यासमोर धरला होता.

रेजिनाने ते पाहिलं. ती काही विचारेल, हसेल असं वाटलं. तिने फक्त मडक्यावर परात झाकली आणि म्हणाली, "तुम्ही बावखलाकडे जाऊन या. तिथे बगळे आले आहेत म्हणे."

मी गेलो. आमच्या बावखलात, म्हणजे गावच्या तळ्यात, त्या दिवसांत कमळाची पानं वाळायला लागतात. बगळा एकच होता. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि मला रडू आलं. भाजल्या दिवशी आलं नव्हतं. परत आलो तेव्हा चुना निवून दुधासारखा झाला होता.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

"मग त्यात काय," ती म्हणाली. "ते काम मी करीन. तुम्ही सांगा, मी करते."

असा आमचा कारखाना सुरू झाला. नऊ मडकी, परसात केळीच्या सावलीत एका ओळीत. रेजिना विळीवर पेंढा बोटभर लांबीचा चिरायची. मी पाणी किती, चुना किती ते सांगायचो. रोज सकाळी प्रत्येक मडकं ढवळायचं, आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. वही माझी होती, प्रयोगशाळेची, लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची. लिहायची ती. मी म्हणालो होतो, "फक्त दिसतं ते लिही."

तिने ते अगदी शब्दशः घेतलं. माझ्या वहीत आधीच्या पानांवर माझी इंग्रजी वाक्यं होती, आखडलेली, सगळ्यांची असतात तशी. त्यानंतर तिची गोल, मोठी, मराठी अक्षरं सुरू झाली.

"मडकं तीन. पाणी उसाच्या काकवीसारखं. काल चहासारखं होतं."

"मडकं पाच. काडी दोन बोटांत दाबली तर चेपते, सोडली तर परत फुगत नाही. काल फुगत होती."

"मडकं आठ. वास बदलला. आधी नव्या भिंतीचा होता, आज भिजलेल्या झाडाच्या सालीचा."

मी तिथे चार वर्षं काम करत होतो. पेंढ्याचा वास कोणत्या दिवशी बदलतो हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याचा वास घेतलाच नव्हता.

पंधरवड्याने मुंबईला हात दाखवायला गेलो की येताना प्रयोगशाळेतून बर्फ भरलेल्या थर्मासमधून विकर आणायचो. रेजिना त्याला 'हिरवीचं पाणी' म्हणायची. ऊब हवी म्हणून तिने एका लाकडी पेटीत पेंढाच ठासून भरला, मधोमध गरम पाण्याचं पातेलं, त्यात बाटल्या, वरून गोधडी. आत थर्मामीटर. सकाळी पाणी बदललं की संध्याकाळपर्यंत ऊब टिकायची. आमच्या प्रयोगशाळेतलं विजेवरचं कपाट याहून फार शहाणं नव्हतं.

आणि मग परीक्षा. काचनळीत निळं द्रावण, त्यात बाटलीतलं थोडं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटेसारखं लाल.

पहिल्या खेपेला निळं राहिलं. दुसऱ्या खेपेला हिरवट झालं. डिसेंबरच्या सुरुवातीला, मडकं सहाच्या पेंढ्यातून आलेलं पाणी रेजिना दिव्यावर धरून बसली होती. मी चिमटा धरू शकत नव्हतो, म्हणून तिच्या मागे उभा होतो. निळ्यात हिरवी रेघ फिरली. मग सगळं गढुळलं, पिवळं झालं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तांबूस होत गेलं.

ती दिवा विझवायला विसरली. "ही आहे?" तिने विचारलं. "ही साखर?"

"ही साखर."

तिने नळी उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली, आणि मग वहीत लिहिलं: "मडकं सहा. रंग विटेचा. पण नव्या विटेचा नाही. पावसात भिजलेल्या विटेचा."

मला वाटतं, मी त्या क्षणी तिच्या प्रेमात पडलो. लग्नानंतर सात महिन्यांनी, परसात, एका वाक्यामुळे. हे मी तिला फार उशिरा सांगितलं. आमच्याकडे नवरे असलं काही सांगत नसत.

पण त्या ऋतूत मी दोनदा भ्यालो. चुन्याला भ्यालो ते सोडा, ते शरीराचं होतं. हे दोन वेगळे.

पेंढा धुतलेलं चुन्याचं पाणी साचत होतं. मी म्हणालो, पातळच आहे, ओत कुठेतरी. रेजिनाने विचारलं, "रोपांना चालेल?" मी म्हणालो, चालेल. तिने ते आयच्या वांग्याच्या वाफ्यात ओतलं. तीन दिवसांत रोपं पिवळी पडून मान टाकून बसली.

"माझी वांगी कुणी मारली?" आयने अंगण डोक्यावर घेतलं.

"मी ओतलं पाणी," रेजिना म्हणाली.

आय तिला जे बोलली ते बोलली. मी ओट्यावर होतो. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द होते. मी ते बोललो नाही. हाताची पट्टी नीट करत बसलो.

त्यानंतर ते पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न रेजिनाने स्वतःकडे घेतला. तिने ते पसरट परातींत उघड्यावर ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली. ती साय खाली बसू दिली, वरचं पाणी निवळून घेतलं, तरी लाल लिटमस कागद त्यात निळा होई. पुन्हा ठेवलं, पुन्हा साय. हवेशी संग झाला की चुना निवतो आणि खडू होऊन तळाला बसतो, हे मी तिला सांगायला हवं होतं. तिने ते परातीत पाहून मला सांगितलं. चौथ्या दिवशी कागद लालच राहिला. ते पाणी तिने आधी एकाच केळीला घातलं, आठ दिवस थांबली, आणि मग बाकीच्या केळींना. तळाचा खडू तिने भिंतीच्या चुन्यात मिसळला. परसातून टाकून द्यायचं असं काही उरलं नाही. जगाला आज जे मोठ्या शब्दांत सांगावं लागतं, ते तिने सासूची बोलणी नकोत म्हणून केलं होतं.

दुसरी भीती नाताळ झाल्यावर आली. सर एका रविवारी आमच्याकडे आले. पांढरा सदरा, हातात पिशवी, पिशवीत आयसाठी संत्री. त्यांनी मडकी बघितली, पेटी बघितली, हसले, पुन्हा बघितली आणि हसायचे थांबले. मग ओट्यावर बसून वही उघडली. पानं उलटत होते. मी समोर होतो, रेजिना चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती.

"हे अक्षर कुणाचं?" सरांनी विचारलं.

मला अजूनही कळत नाही की मला कशाची लाज वाटली. सरांच्या घरात सगळे शिकलेले, त्यांच्या पत्नी कॉलेजात शिकवत. प्रयोगशाळेच्या वहीत माझ्या सातवी शिकलेल्या बायकोची काकवी आणि विटा. मी म्हणालो, "शेजारची एक मुलगी लिहून देते."

"हुशार आहे," सर म्हणाले.

रेजिना पुढे आली. तिने कप ठेवला. चहा बशीत सांडला नाही. सर निघाले तेव्हा ती त्यांना नमस्कार करायला बाहेर आली, आणि त्यांच्याबरोबर वाडीतल्या राजेळी केळ्यांची फणीसुद्धा दिली.

दुसऱ्या दिवशी तिने मडकी ढवळली, वेळेवर. पाणी बदललं, वेळेवर. माझी पट्टी बदलली, तितक्याच हलक्या हाताने. संध्याकाळी मी वही उघडली.

"मडकं १: दिवस ११. मडकं २: दिवस ११. मडकं ३: दिवस ९."

आणि थर्मामीटरचे आकडे. बस्स. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आकडे. तिसऱ्याही. एकही चूक नाही. वास नाही, रंग नाही, काकवी नाही. घरात सगळं जिथल्या तिथे होतं आणि कुणीतरी निघून गेलं होतं.

मी विचारलं, "तू आता बाकीचं लिहीत नाहीस?"

"आकडे पुरतात ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जानेवारीचा तिसरा आठवडा. अहवाल लिहायचा होता. मी डाव्या हाताने लिहायला शिकलो होतो, पोराटोरांसारखं वाकडं. सुटी पानं संपली म्हणून वहीच्या मागच्या बाजूला कोरी पानं आहेत का बघायला ती उलटी उघडली. मागून पहिल्याच पानावर रेजिनाचं अक्षर होतं.

"पहिला दिवस. हात पूर्ण सुजलेला. बोटं एकमेकांना चिकटलेली. दुखलं तरी सांगत नाहीत."

"नववा दिवस. करंगळीजवळ नवी कातडी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी."

"सव्विसावा दिवस. अंगठा थोडा हलतो. त्यांनी पाहिलं नाही. मी सांगितलं नाही, आशा लागली आणि नाही झालं तर."

पानामागून पान. एकही दिवस सुटलेला नव्हता. सर आले त्या रविवारच्या नोंदीवर मी थांबलो. मला वाटलं, इथे तरी असेल काहीतरी माझ्याबद्दल. होतं ते एवढंच: "आज तर्जनी वाकली. कपाचा कान धरता आला." आणि त्यानंतरच्या दिवसांतही, पुढच्या पानांवर नुसते आकडे पडत होते तेव्हा, इथे मागे रंग होता, वास होता, कांद्याचे पापुद्रे होते. माझ्या हातावर ती रुसली नव्हती.

मी उठून परसात गेलो. आय वाफ्यात नवी रोपं लावत होती.

"आय, ती वांगी मी मारली होती. मी सांगितलं होतं तिला पाणी ओत म्हणून."

आयने वर बघितलंही नाही. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ती विचारल्याशिवाय पाण्याचा थेंब ओतत नाही. तू कधी बोलतोस ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन मुंबईला गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. सरांनी मला बसायला सांगितलं, वही घेतली, पहिल्यापासून सावकाश पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथून पुढे नुसते आकडे आहेत. त्या मुलीचं काय झालं?"

जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "ती शेजारची नाही, सर. माझी पत्नी आहे. तुम्ही आलात त्या दिवशी चहा तिनेच दिला."

सरांनी काही पानं मागे उलटून मडकं सहाची नोंद काढली आणि म्हणाले, "भिजलेली वीट. मी हे घरी जाऊन सांगितलं होतं. आमच्या वर्गातल्या मुलांना मी दहा वर्षं हेच शिकवतो आहे, दिसतं ते लिहा म्हणून." त्यांनी पेन उघडलं. "त्यांचं पूर्ण नाव सांगा. नीट सांगा. अहवालात माझ्या हाताने लिहितो."

घरी आलो तेव्हा ती अंगणात वालपापडी निवडत होती. मी समोर पाटावर बसलो.

"सांगितलं सरांना."

"काय?"

"कोण लिहीत होतं ते."

तिने आणखी चार शेंगा सोलल्या. "आकडे बरोबर होते ना?"

"होते."

"मला आकड्यांचा राग नव्हता."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असायला इतके दिवस लागले?" ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरले. त्या ऋतूत पहिल्यांदाच. मी उजवा हात पुढे केला. तीन बोटं वाकत होती, दोन नव्हती. तिने तो हातात घेतला नाही, सवयीने उलटा करून कातडी तपासली, आणि मग धरून ठेवला.

त्या कामाचं पुढे काय झालं, कुणी विचारलं तर मी सांगतो. माझी जागा दोन वर्षं वाढली. आमच्या चुन्याच्या पेंढ्यातून आम्लापेक्षा साखर थोडी कमी आली, वेळ खूप जास्त लागला, पण धुवणाचं पाणी झाडाला घालता येत होतं. अहवाल एका कपाटात गेला. पेट्रोलची ओरड ओसरली तसे पैसे दुसऱ्या विषयांकडे वळले आणि मीही दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो. आता पेपरात पुन्हा वाचतो, पेंढा जाळू नका, त्यातून इंधन काढा, पाणी न नासवता काढा. वाचून होतं तेव्हा मी पेपर रेजिनाला देतो. ती चष्मा लावून वाचते आणि म्हणते, "वास कधी बदलतो ते लिहिलं नाही यात."

दोन बोटं अजून वाकत नाहीत. बाकीच्या तिन्हींवर आयुष्य निभावलं.

मागच्या वर्षी रेजिनाला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी तपासून आकडा लिहून ठेवायला सांगितलं आहे. ते छोटं यंत्र तिला धरवत नाही, हात कापतो. म्हणून टोचतो मी आणि लिहितोही मी. आज सकाळीही गोठ्याचा पेंढा अंगणात पसरून ठेवला आणि आत येऊन तिच्यासमोर बसलो. आकडा आला. मी लिहू लागलो. यंत्राला एवढा वेळ लागत नाही, आणि आकड्याला तर नाहीच.

"इतकं काय लिहिता?" तिने विचारलं. "वाचून दाखवा."

मी वाचलं, "एकशे बेचाळीस. उपाशीपोटी. बोट थंड होतं, मळलेल्या कणकेइतकं. टोचल्यावर थेंब लगेच आला. बाई कळवळली नाही, खिडकीतून बाहेर बघत होती."

तिने वही आपल्याकडे ओढून पाहिली.

"बाई खोडा," म्हणाली. "नाव लिहा."